महाविद्यालयीन प्रकाशनांची पीडीएफ : फाइलचे आकारमान आणि मराठी मजकुराचे जतन

सारांश

महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक, चर्चासत्राचा निबंधसंग्रह वा संशोधनपत्रिका मुद्रणालयाकडून पीडीएफ स्वरूपात परत येते, तेव्हा तिचा आकार पुष्कळदा संकेतस्थळावर चढविण्याच्या किंवा ई-मेलने पाठविण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. हा आकार नेमका कशामुळे वाढतो, कोणत्या उपायांनी तो निर्धोकपणे कमी होतो आणि कोणत्या उपायांनी मराठी मजकुराची कायमची हानी होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणे रायगड किनारपट्टीच्या अभ्यासविषयांतून घेतली आहेत.

बीजशब्द : पीडीएफ, संपीडन, फाँट, युनिकोड, अक्षरजुळणी, रायगड

प्रस्तावना

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावांचा वीजपुरवठा व मोबाइल संपर्क कित्येक दिवस तुटला. त्याच काळात टाळेबंदीमुळे अध्यापन ऑनलाइन चालू होते व अभ्याससाहित्य पीडीएफच्या रूपाने विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर पाठविले जात होते. संपर्क जेथे पुन्हा सुरू झाला, तेथेही तो क्षीणच असणार, हे उघड आहे. सेकंदाला एक मेगाबिट एवढ्या गतीने ६० एमबीची फाइल उतरवून घेण्यास आठ मिनिटे लागतात. तीच फाइल ४ एमबीची असेल तर बत्तीस सेकंद पुरतात. आठ मिनिटांत जोडणी एकदा जरी तुटली तरी बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फाइलचे आकारमान हा केवळ तंत्रज्ञाचा विषय नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

तथापि या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. आकार कमी करण्याच्या घाईत मराठी मजकूर शोधता न येण्याजोगा, नक्कल करता न येण्याजोगा, क्वचित वाचताही न येण्याजोगा होतो. पन्नास वर्षांनी महाविद्यालयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला असा अंक संगणकावर दिसेल. त्यात एखादे नाव शोधायचे म्हटले तर मात्र सापडणार नाही.

पीडीएफच्या पोटात काय असते?

अडोब कंपनीने १९९३ मध्ये प्रसृत केलेले पीडीएफ हे स्वरूप २००८ मध्ये आयएसओ ३२०००-१ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. कोणत्याही संगणकावर पान जसेच्या तसे दिसावे, हा त्याचा मूळ हेतू. त्यासाठी फाइलमध्ये मजकूर, त्या मजकुराचे फाँट, रेखाकृती, छायाचित्रे, रंगांची माहिती आणि या सर्वांची सूची असे निरनिराळे घटक साठविलेले असतात. 'फाइल मोठी आहे' हे विधान म्हणूनच अपुरे ठरते. कोणता घटक मोठा आहे, हे आधी पाहिले पाहिजे. अॅक्रोबॅट प्रोच्या पीडीएफ ऑप्टिमायझरमध्ये 'ऑडिट स्पेस यूसेज' अशी सोय आहे. ती प्रतिमा, फाँट, पानांवरील रेखांकन इत्यादींनी किती टक्के जागा व्यापली आहे ते दाखविते. वैद्याने नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये, तद्वत हे कोष्टक पाहिल्यावाचून संपीडनास हात घालू नये.

छायाचित्रांचा भार

वार्षिक अंकांत बहुतेक वेळा दोषी ठरतात ती छायाचित्रे. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने जंजिऱ्याचे एक छायाचित्र टिपले, तर त्यात आडवे ६००० व उभे ४००० असे २ कोटी ४० लक्ष बिंदू येतात. संपीडनाशिवाय तीन रंगांच्या आरजीबी पद्धतीत त्याला ७ कोटी २० लक्ष बाइट, म्हणजे सुमारे ७२ एमबी जागा लागते. छपाईच्या चार रंगांच्या सीएमवायके पद्धतीत ९६ एमबी. आता हेच चित्र अंकात तीन इंच रुंद व दोन इंच उंच चौकटीत बसविले, तर दर इंचाला २००० बिंदू पडतात. चांगल्या ऑफसेट छपाईलाही इंचाला ३०० बिंदू पुरतात. ३०० च्या हिशोबाने त्या चौकटीला ९०० गुणिले ६००, म्हणजे ५ लक्ष ४० हजार बिंदू हवेत. पडद्यावर वाचण्यासाठी १५० धरले तर केवळ १ लक्ष ३५ हजार. उरलेले सर्व बिंदू फाइलमध्ये आहेत, पण वाचकाच्या दृष्टीस कधीच पडत नाहीत. मूळ चित्र आणि १५० च्या घनतेचे चित्र यांतील बिंदूंचे प्रमाण १७७ पटींहून अधिक आहे.

म्हणून पहिला व सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे निर्यात करताना प्रतिमांची बिंदुघनता उतरविणे, ज्याला आज्ञावलीच्या भाषेत 'डाउनसॅम्पलिंग' म्हणतात. इनडिझाइनमधील 'हाय क्वालिटी प्रिंट' हा तयार संच रंगीत प्रतिमा ४५० च्या वर असल्यास ३०० वर आणतो. 'स्मॉलेस्ट फाइल साइझ' हा संच १५० च्या वरील रंगीत प्रतिमा १०० वर आणतो व त्यांचा जेपेग दर्जाही खालचा ठेवतो. कोरलड्रॉमध्ये 'पब्लिश टू पीडीएफ' या आज्ञेच्या सेटिंग्जमध्ये रंगीत, करड्या व कृष्णधवल प्रतिमांसाठी स्वतंत्र घनता देता येते. तयार संच निवडून मोकळे होण्याचा मोह मात्र टाळावा. वार्षिक अंकातील समूहछायाचित्राचे उदाहरण घ्या. एका रांगेत वीस विद्यार्थी उभे असलेले चित्र सात इंच रुंदीत छापले आहे. इंचाला १०० बिंदू ठेवले तर एकूण रुंदी ७०० बिंदू होते व प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला ३५ बिंदू येतात. त्यातून खांद्यांमधली मोकळी जागा वजा केली की चेहरा ओळखणे दुष्कर. २०० घनता ठेवली तर वाटा ७० चा होतो आणि माणूस ओळखू येतो. ज्याच्या घरी वार्षिक अंकातील ते एकच छायाचित्र असते, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही. समूहछायाचित्रांना २००, इतर चित्रांना १५० असे धोरण मला योग्य वाटते. निर्यातीच्या वेळी सर्व प्रतिमांना एकच मर्यादा लागू होत असल्याने, भिन्न घनता हवी असेल तर चित्रे अंकात बसविण्यापूर्वीच योग्य मापाला आणून ठेवावीत आणि निर्यातीची मर्यादा २०० ठेवावी.

जेपेग संपीडन हे हानिकारक वर्गातले आहे. त्यात गेलेला तपशील परत येत नाही. तेच चित्र पुनःपुन्हा जेपेगमध्ये साठविले की प्रत्येक खेपेस थोडी हानी होते. भ्रमणध्वनीवरील संदेशसेवेतून आलेले छायाचित्र आधीच एकदा पिळलेले असते, त्यावर मुद्रणालयाने दुसऱ्यांदा व संकेतस्थळाच्या व्यवस्थापकाने तिसऱ्यांदा संपीडन केले तर चेहऱ्यांवर चौकोनी ठिगळे दिसू लागतात. मूळ चित्र जपून ठेवावे आणि अंतिम संपीडन एकदाच करावे.

कात्रण हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. कोरलड्रॉमध्ये छायाचित्र पॉवरक्लिपमध्ये घातले की चौकटीबाहेरचा भाग दिसेनासा होतो, परंतु तो मूळ फाइलमध्ये तसाच राहतो आणि निर्यातीत तो वगळला जाईलच असे नाही. क्रॉप साधनाने तो खरोखर कापून टाकावा. इनडिझाइनमध्ये यासाठी 'क्रॉप इमेज डेटा टू फ्रेम्स' हा पर्याय असतो. प्रत्येक पानाच्या शिरोभागी असलेले महाविद्यालयाचे बोधचिन्हही तपासावे. ते रेखाकृतीच्या स्वरूपात असेल तर काही किलोबाइटांत भागते. स्कॅन केलेले चित्र पानोपानी वेगवेगळे चिकटवले असेल तर एकशेवीस पानांच्या अंकात तो भार एकशेवीस वेळा पडू शकतो. इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांनी 'प्रिझर्व्ह इलस्ट्रेटर एडिटिंग कॅपेबिलिटीज' या खुणेकडे पाहावे. ती चालू असेल तर पीडीएफच्या आत मूळ कलाकृतीची संपूर्ण संपादनक्षम प्रतही साठविली जाते, आणि वाचकाला तिचा काडीइतकाही उपयोग नसतो. छपाईची रंग-प्रोफाइलही संकेतस्थळाच्या प्रतीत ठेवण्याचे कारण नाही. सीएमवायकेची एक प्रोफाइलच अर्ध्या एमबीच्या आसपास जाते.

मराठी अक्षरांचा प्रश्न

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही भाषेतील प्रकाशनाला लागू आहे. मराठीचा प्रश्न यापुढे सुरू होतो.

पेजमेकर व कोरलड्रॉच्या काळात श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा संचांतील फाँट वापरून मराठी अक्षरजुळणी होत असे व अनेक ठिकाणी आजही होते. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात. डोळ्यांना 'अलिबाग' दिसते, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन चिन्हांची अर्थहीन माळ असते. अशा पीडीएफमधून उतारा नक्कल करून घेतला की हाती कचरा येतो, हा अनुभव बहुतेक प्राध्यापकांना असेल. शिवाय हे फाँट मुद्रणालयात उपलब्ध असतीलच असे नसते आणि काही फाँटांच्या निर्मात्यांनी ते पीडीएफमध्ये अंतर्भूत करण्यास मनाई करणारी खूण घातलेली असते. यावर डीटीपी व्यवसायाने एक रामबाण उपाय शोधला, तो म्हणजे सर्व मजकूर 'कर्व्ह करून' देणे. अक्षराचे अक्षरपण काढून त्याची नुसती बाह्यरेषा ठेवणे, असा याचा अर्थ. छपाईपुरता तो उपाय बिनचूक आहे. संकेतस्थळावरील प्रतीसाठी तो दुहेरी घातक आहे.

पहिला घात आकारमानाचा. फाँट अंतर्भूत असेल तर 'क' या अक्षराची बाह्यरेषा फाइलमध्ये एकदाच साठविली जाते. त्यानंतर प्रत्येक 'क' साठी साधारण दोन बाइटांचा संकेत पुरतो. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक 'क' नव्याने काढला जातो. एका पानावर २५०० अक्षराकृती आहेत आणि प्रत्येकीला सरासरी ३० वक्ररेषा लागतात असे धरू. एका वक्ररेषेचे सहा अंक लिहिण्यास ३० बाइट धरले तर एका अक्षराला ९०० व पानाला साडेबावीस लक्ष बाइट होतात. फाँटच्या मार्गाने तेच पान ५००० बाइटांत बसते. संपीडनानंतर हे दोन्ही आकडे खाली येतील, पण त्यांच्यामधील दरी बुजणार नाही. फाँटही संपूर्ण घालावा लागत नाही. वापरलेल्या आकृतींपुरताच उपसंच घातला जातो. इनडिझाइनमध्ये उपसंचाची मर्यादा शंभर टक्के ठेवलेली असते, ती तशीच राहू द्यावी.

दुसरा घात अर्थाचा. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये मजकूर उरतच नाही. शोध लागत नाही, उतारा घेता येत नाही, अंध वाचकांसाठीच्या पडदावाचक आज्ञावलीला पान कोरे दिसते, आणि शोधयंत्रांच्या दृष्टीने तो लेख प्रसिद्ध झालेलाच नसतो. संशोधनपत्रिकेतील निबंधाच्या बाबतीत ही हानी कोणत्याही संपादकाने मान्य करू नये. एक आडवळणाची जागा वर्डमध्येही आहे. पीडीएफ साठविताना 'फाँट अंतर्भूत करता येत नसेल तर मजकुराची बिटमॅप करावी' अशा अर्थाचा एक पर्याय बहुधा चालूच असतो. मनाई असलेला फाँट वापरला की वापरकर्त्याच्या नकळत मजकुराचे चित्र होते. फाइल फुगते आणि अक्षरेही धूसर होतात.

यावरचा खरा उपाय युनिकोड हाच आहे. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे. परंतु युनिकोड वापरले म्हणजे सर्व सुरळीत झाले, असेही नाही. 'श्रीवर्धन' हा शब्द युनिकोडमध्ये नऊ संकेतांचा आहे : श, हलन्त, र, दीर्घ ईकार, व, र, हलन्त, ध, न. पानावर मात्र साधारण सहाच आकृती उमटतात : श्र, ईकार, व, ध, त्यावरचा रफार आणि न. रफाराचा 'र' लिहिताना 'ध' च्या आधी येतो, आकृतींच्या क्रमात मात्र 'ध' च्या नंतर. 'अलिबाग' मध्ये ऱ्हस्व वेलांटी टंकलिखित होते 'ल' नंतर, रेखाटली जाते 'ल' पूर्वी. पीडीएफ साठविते ते आकृतींचा क्रम. त्या आकृतींवरून मूळ अक्षरे परत मिळावीत म्हणून फाइलमध्ये 'टू-युनिकोड' नावाची एक तक्ता-नोंद असते. ती नीट नसेल तर पानावर 'अलिबाग' दिसते आणि नक्कल केल्यावर वेलांटी भलत्याच अक्षरापाशी जाते. काही तृतीय पक्षांच्या 'पीडीएफ लहान करा' सेवा नेमकी हीच नोंद विस्कटतात, आणि आकार घटल्याच्या आनंदात ते कोणी पाहत नाही. इनडिझाइनमध्ये देवनागरीसाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडणे आवश्यक असते. तो नसेल तर जोडाक्षरेच तुटतात आणि पुढच्या चर्चेला अर्थ उरत नाही.

नकाशे

भूगोल व पर्यावरण विषयांच्या निबंधांतील नकाशे आकार वाढवितात ते वेगळ्या कारणाने. धरमतरची खाडी, रेवदंड्याजवळ कुंडलिकेचे मुख, राजपुरीची खाडी, बाणकोटजवळ सावित्रीचे मुख असा दंतुर किनारा भूमाहिती प्रणालीतून रेखाकृती म्हणून आणला की त्यात लक्षावधी बिंदू येऊ शकतात. प्रतिमांची घनता कितीही उतरविली तरी यावर काही परिणाम होत नाही, कारण ही प्रतिमाच नव्हे. १ : ५,००,००० या प्रमाणाच्या नकाशात कागदावरील एक दशांश मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. किनाऱ्यावर दर पाच मीटरला एक बिंदू ठेवून काय साधणार? क्यूजीआयएस या मुक्त आज्ञावलीतील 'सिम्प्लिफाय' साधनाने रेषा आधी सुलभ करून घ्यावी व मगच नकाशा अंकात घालावा. नकाशाचे जेपेग करून टाकणे हा सोपा मार्ग वाटतो. त्यात गावांची नावे मोठी करून पाहताच फुटतात.

शिलालेख आणि मोडी कागद

इतिहासाच्या निबंधांत मात्र काटकसरीला लगाम घालावा लागतो. अलिबागजवळील आक्षी येथील, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा शिलालेख मराठीच्या प्राचीनतम लेखांत गणला जातो व त्याच्या वाचनाविषयी अभ्यासकांत चर्चा झालेली आहे. अशा लेखाच्या छायाचित्रात झिजलेल्या रेषेची एखादी छटाच वाचन ठरविते. जेपेगचे तीव्र संपीडन नेमक्या याच सूक्ष्म छटा पुसते आणि अक्षरांच्या कडेला नसलेल्या खुणा उमटविते. तेथे रंग काढून करडी प्रतिमा ठेवावी, घनता ३०० राखावी आणि हानिरहित झिप संपीडन वापरावे. रंग काढल्यानेच आकार एकतृतीयांश होतो.

मोडी कागदपत्रांच्या स्कॅनबाबत गणित असे : ए-४ आकाराचे पान ३०० घनतेने घेतले तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लक्ष बिंदू होतात. संपीडनापूर्वी रंगीत पानाला २६ एमबी, करड्या पानाला ८.७ एमबी आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्या पानाला जेमतेम १.१ एमबी लागते. शेवटचा आकडा मोहक आहे. पण फिकट शाई काळ्या-पांढऱ्याच्या कोणत्या बाजूस पडेल याचा भरवसा नसतो, आणि जेबिग-२ या संपीडनपद्धतीचा हानिकारक प्रकार सारख्या दिसणाऱ्या आकृतींसाठी एकच आकृती पुन्हा वापरतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत या कारणाने ६ च्या जागी ८ उमटत असल्याचे दाखवून दिले. कंपनीला त्यावर दुरुस्ती काढावी लागली. तेथे अंकांच्या बाबतीत जे झाले, ते शिरोरेषेखाली बारीक फरकाने वेगळ्या होणाऱ्या आपल्या घ-ध, भ-म या जोड्यांच्या बाबतीत घडणे अशक्य नाही. हिशोबाच्या कागदात आकडा बदलला तर तो बदलला आहे हे ओळखण्याचेही साधन वाचकापाशी नसते. मोडी कागदांसाठी करडी प्रतिमाच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्यपद्धती

मुद्रणालयाशी करार करतानाच दोन पीडीएफ मागाव्यात. एक छपाईची, पूर्ण घनतेची. दुसरी संकेतस्थळाची, कर्व्ह न केलेली, फाँट अंतर्भूत असलेली. काम पूर्ण झाल्यावर दुसरी मागितली तर ऑपरेटर छपाईचीच फाइल पिळून देतो, व त्याचा दोषही म्हणता येत नाही. जतनासाठी पीडीएफ/ए हे मानक आहे. त्याचा पहिला भाग आयएसओ १९००५-१ म्हणून २००५ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात फाँट अंतर्भूत करणे बंधनकारक आहे.

मूळ आज्ञावली हाताशी नसेल, केवळ जुनी पीडीएफ असेल, तर घोस्टस्क्रिप्ट ही मुक्त आज्ञावली उपयोगी पडते. तिच्या 'स्क्रीन' या संचात प्रतिमा ७२ वर, 'ईबुक' मध्ये १५० वर, 'प्रिंटर' मध्ये ३०० वर येतात. 'स्क्रीन' वार्षिक अंकासाठी वापरू नये. ई-मेलने पाठवायचे असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात असावी : जोडपत्र पाठविताना त्याचे जे संकेतन होते, त्याने आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. २५ एमबीची मर्यादा असलेल्या सेवेतून २० एमबीची फाइल परत येते, ती यामुळे.

आकार मर्यादेत आल्यावर फाइल प्रसिद्ध करण्यापूर्वी तिचा शोध घेऊन पाहावा. जोडाक्षर, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी असलेले तीन शब्द निवडावेत. 'म्हसळा', 'श्रीवर्धन' आणि 'अलिबाग' चालतील. ते शोधचौकटीत टंकलिखित करावेत, नंतर एखादा उतारा नक्कल करून साध्या मजकूर-संपादकात चिकटवावा. तीनही शब्द सापडले आणि उतारा जसाच्या तसा उतरला तर ती प्रत संकेतस्थळावर चढवावी. न सापडल्यास ती फाइल मुद्रणालयाकडे परत पाठवावी, मग तिचा आकार कितीही लहान असो.